व्हिडिओवरचा डॉक्टर साठीच्या पुढच्यांना झेपतो का? आमच्या घरातला रिव्ह्यू, इंदूरहून

आधीच सांगते, ज्या पोरांनी ॲपच्या खाली "मस्त आहे, एकदम स्मूथ" लिहून 5 स्टार दिलेत त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू नाही. त्यांना सगळंच स्मूथ वाटतं. हा आहे आमच्यासारख्यांसाठी, म्हणजे घरात दोन-तीन म्हातारी माणसं, मुलं पुण्याला नाहीतर बेंगलोरला, बीपी-शुगरच्या गोळ्या वारांच्या डबीत भरलेल्या, आणि फोन चांगला आहे पण त्याचा उपयोग सकाळचे फुलांचे फोटो पाठवण्यापुरता. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर अधूनमधून कोणीतरी विचारतंच की ते व्हिडिओवर डॉक्टर दाखवतात ते कसं आहे हो, घ्यावं का, आणि मग दहा जण दहा गोष्टी सांगतात, त्यातले नऊ जण स्वतः कधी न वापरलेले. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकू.

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की रिव्ह्यू राहतो बाजूला आणि त्यांचे लोक आणि इतर लोक खाली भांडत बसतात. विजय नगरच्या बाजूचं मोठं प्रायव्हेट हॉस्पिटल आहे, त्यांचं स्वतःचं ॲप आहे, त्यात व्हिडिओ ओपीडी आहे, एवढं पुरे. आणि खरं सांगायचं तर बहुतेक सगळी ॲपं एकाच घाण्यातून निघाल्यासारखी आहेत, त्यामुळे जे लिहितेय ते दुसरीकडेही बऱ्यापैकी लागू पडेल.

आम्ही सुदामा नगरला. इंदूरकरांना सांगायला नको, फूटी कोठी, महूनाका, मग पलासिया, मग विजय नगर, म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. आमचे हे 73 चे, विजेच्या ऑफिसातून रिटायर, गुडघे गेलेले, बीपी आणि शुगर दोन्ही. सासूबाई 90 च्या घरात, ऐकू कमी येतं बाकी तल्लख. आणि मी, थायरॉइडची गोळी सोडली तर ठीकठाक, शाळेत गणित शिकवायचे. ह्यांना डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे सकाळपासून तयारी, ऑटोवाल्याशी घासाघीस, तिथे जाऊन नंबर लावायचा, बसायचं, आणि आत गेलं की डॉक्टर दोन मिनिटं रिपोर्ट बघून म्हणणार "वही गोली चालू रखिए, तीन महीने बाद आइए". ह्या दोन मिनिटांसाठी अख्खा दिवस आणि गुडघ्यांचं जे व्हायचं ते वेगळंच.

तर मुद्द्याची गोष्ट आधी. जुना आजार, ओळखीचा डॉक्टर, फक्त गोळ्या-रिपोर्ट बघायचे, अशा कामाला व्हिडिओ ओपीडी उत्तम. नवीन दुखणं असेल, पोटात दुखतंय, गाठ लागतेय, चक्कर येतेय, तर निमूट उठून जा. आणि छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलताना जीभ अडखळणं, ह्यात ॲप-बिप उघडत बसायचंच नाही, सरळ 108 लावायचा. हे मुद्दाम लिहितेय कारण आमच्या ओळखीत एक काका छातीत जळजळ होत असताना स्लॉट शोधत बसले होते. नशीब चांगलं, ॲसिडिटीच निघाली.

आता ॲप.

डाउनलोड झालं, मोबाइल नंबर टाकला, ओटीपी आला. ओटीपी मेसेजमध्ये येतो, मेसेज बघायला ॲपमधून बाहेर जायचं, नंबर डोक्यात ठेवून परत यायचं, तोवर ॲप पुन्हा पहिल्या पानावर. तरुण मुलांना वरून खाली उतरणाऱ्या त्या पट्टीतच आकडे दिसतात आणि ते तिथूनच वाचतात, पण ती पट्टी येऊन जाते तोपर्यंत आमचा चष्मा नाकावर यायचा असतो. ह्यावर साधा उपाय, शेजारी कागद-पेन ठेवा, आकडे लिहा, मग परत जा. आणि घाई करू नका, वेळ संपली तर दुसरा ओटीपी येतो, त्यात काही बिघडत नाही.

मग जन्मतारीख. हे मला सगळ्यात विनोदी वाटलं. तारीख टाका म्हटलं की कॅलेंडर उघडतं, आणि ते उघडतं ह्याच महिन्यावर. ह्यांचा जन्म 1952 चा. हे बिचारे डावीकडचा बाण दाबत बसले, एकदा दाबला की एक महिना मागे. मी म्हटलं अहो, साडेआठशेच्या वर महिने होतात, संध्याकाळ होईल. तर खुबी अशी आहे की वर जिथे साल लिहिलंय ना, त्या सालावरच बोट ठेवायचं, मग सालांची लांबलचक यादी उघडते, ती वर ढकलायची आणि 1952 निवडायचं. हे कुठेही लिहिलेलं नाही. त्या सालाला बटणासारखा आकार नाही, रंग नाही, खाली रेघ नाही, माणसाला कळणार कसं की हे दाबायचं असतं? म्हाताऱ्यांच्या हॉस्पिटलचं ॲप आणि बनवणाऱ्यानं जणू गृहीत धरलंय की पेशंट ह्याच वर्षी जन्मला.

त्याच्यानंतर परवानग्या. कॅमेरा वापरू का, माइक वापरू का, फोटो बघू का, लोकेशन बघू का. आम्हाला सगळ्यांनी इतकं घाबरवून ठेवलंय, बँकेनं, पोरांनी, पेपरानं, की काही विचारलं की पहिलं बोट "नको" वर जातं. ह्यांनी कॅमेऱ्याला नको म्हटलं, दोनदा म्हटलं, आणि मग फोननं विचारणंच बंद केलं. ऐन वेळी डॉक्टरांना काळी चौकट दिसतेय. मग सेटिंग्जमध्ये जा, ॲप्स उघडा, त्यात हे ॲप शोधा, परमिशन्स, कॅमेरा, आणि तिथे "ॲप वापरताना" वर टिचकी मारा. एकदा करून ठेवलं की पुन्हा करावं लागत नाही. माझं म्हणणं एवढंच की ॲपनं आधी एक ओळ सांगायला काय जातं की बाबा, डॉक्टरांना तुम्ही दिसावे म्हणून कॅमेरा लागतो.

आणि ते खाली काळ्या पट्टीत एक इंग्रजी वाक्य येतं आणि दोन सेकंदात गायब होतं, ते तर मला शाळेतल्या इन्स्पेक्टरची आठवण करून देतं, चूक झाली एवढं सांगायचं, कुठे झाली ते नाही. भाषा बदलायची सोय आहे, हिंदी आहे, पण अर्धी पानं हिंदीत आणि अर्धी इंग्रजीत, आणि नेमकं पैसे भरायचं पान इंग्रजीत. मराठी नाही. इंदूरमध्ये इतकी मराठी घरं आहेत, पण ठीक आहे, हिंदी आपल्याला येतेच, ती तरी पूर्ण द्या.

बोटांची पण एक गंमत आहे. म्हातारपणी बोटं कोरडी पडतात आणि फोनच्या काचेला कोरडं बोट नीट कळत नाही. मग आपण काय करतो, जोरात दाबतो आणि दाबून धरतो. जोरानं काचेला काही फरक पडत नाही आणि दाबून धरलं तर फोनला वाटतं ह्यांना दुसरंच काहीतरी हवंय, मग ॲपचं चित्र हलायला लागतं, काढून टाकू का विचारतं, आणि घरात आरडाओरडा, "अगं हे बघ काय झालं!" हात धुऊन जरासं क्रीम लावायचं, ते नीट जिरलं की बोट टेकवायचं आणि लगेच उचलायचं. सासूबाईंना हे मी शिकवलं तर म्हणाल्या, "म्हणजे तवा तापला का बघतो तसं?" अगदी तसंच. त्यांना त्या दिवसापासून जमलं, ह्यांना अजून नाही.

आता प्रत्यक्ष डॉक्टर. वेळ दिली होती सकाळी 11 ची. स्क्रीनवर येतं की डॉक्टर थोड्या वेळात येतील, आणि आपण वाट बघत बसतो. इथे मोठी खोच आहे. आपण हात लावला नाही की फोनचा पडदा आपोआप काळा होतो, आणि आमच्या फोनवर पडदा काळा झाला की ॲप झोपी गेलं. डॉक्टर आले, पेशंट नाही म्हणून गेले. पैसे भरलेले. कस्टमर केअरला लावला तर तिथे आधी मशीन बोलतं, इतकं भराभर की 4 कशासाठी आणि 5 कशासाठी हे लक्षात ठेवेपर्यंत परत पहिल्यापासून. शेवटी माणूस मिळाला, मुलगी चांगली होती, तिनं वेळ बदलून दिली, पण तिथपर्यंत पोहोचायला ज्याच्याकडे चिकाटी नाही तो पैसे सोडूनच देणार. पडद्याची वेळ सेटिंग्जमध्ये डिस्प्लेत जाऊन 10 मिनिटं करून ठेवता येते, हे पहिल्याच दिवशी करून घ्या.

दुसरी खोच आवाजाची. बाजूचं बटण दाबून आवाज मोठा केला असं आपल्याला वाटतं, पण फोनमध्ये गाण्यांचा आवाज वेगळा, रिंगचा वेगळा आणि कॉलचा वेगळा. कॉल चालू असताना दाबलं तरच कॉलचा वाढतो. सासूबाईंसाठी तर वायरवाला इअरफोनच बरा, तो ब्लूटूथचा कानात घालायचा म्हणजे कधी जोडलेला असतो कधी नसतो आणि त्याचं चार्जिंग वेगळं.

कॅमेऱ्याचं सांगायचं तर पहिल्यांदा डॉक्टरांनी आमचा पंखा तपासला. फोन टेबलावर आडवा ठेवला की दुसरं काय दिसणार. पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला, तर मागे खिडकी, उजेड मागून, चेहरा काळा. आता आमची जागा ठरलीय, देवघराच्या समोरच्या भिंतीला खुर्ची, खिडकी समोर, फोन साखरेच्या डब्याला टेकवून. (शुगरच्या पेशंटसाठी साखरेचा डबा कामाला आला म्हणून हे स्वतःच हसतात.)

एवढं सगळं झाल्यावर जे मिळालं ते मात्र चांगलं मिळालं, हे कबूल करायलाच पाहिजे. डॉक्टर पाठमोरे कॉम्प्युटरमध्ये बघत नव्हते, समोर बघत होते. ओपीडीत बाहेरची गर्दी ऐकू येत असते म्हणून आपणही घाईत बोलतो, घरी तसं नव्हतं. ह्यांनी पाय सुजल्याचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, फोन खाली पायाकडे न्या, नडगीच्या हाडावर अंगठा थोडा वेळ दाबून ठेवा आणि सोडा. मी दाबला, सोडला, खड्डा पडला आणि तसाच राहिला. त्यांना व्हिडिओत दिसला. मग दम लागतो का, रात्री उशा जास्त घ्याव्या लागतात का, लघवी कशी आहे, सगळं विचारलं, गोळ्यांची पाकिटं एकेक करून कॅमेऱ्यासमोर धरायला लावली. बीपीच्या ॲम्लोडिपिन गोळीनं बऱ्याच जणांच्या घोट्यांवर सूज येते म्हणे, ही त्या गोळीची नेहमीची तक्रार. तरी त्यांनी लगेच गोळी बदलली नाही, आधी किडनीची रक्ततपासणी आणि ईसीजी करायला सांगितलं, आणि रिपोर्ट आल्यावर प्रत्यक्ष एकदा बोलावलं. हे मला आवडलं. जो डॉक्टर व्हिडिओवर "ह्याला समोर बघावं लागेल" असं म्हणतो त्याच्यावर माझा जास्त विश्वास बसतो.

आणि मग त्यांनी विचारलं, "अंकल, नमकीन कितना चलता है?" इंदूरच्या माणसाला हा प्रश्न! पोह्यांवर शेव, शेवेवर जीरावन मसाला, संध्याकाळी चहाबरोबर परत शेव. हे म्हणाले थोडंच खातो. फोन तसाच चालू होता आणि मागे शेल्फवर शेवेची बरणी दिसत होती, ओपीडीत ही सोय नसते.

नियमांबद्दल थोडं, कारण ग्रुपवर ह्यावर फार अफवा असतात. व्हिडिओवर औषध देणं बेकायदेशीर वगैरे काही नाही. 25 मार्च 2020 ला, लॉकडाउन लागला त्याच दिवशी, सरकारनं टेलिमेडिसिनची नियमावली काढली. त्यात डॉक्टरांना आपला रजिस्ट्रेशन नंबर चिठ्ठीवर द्यावाच लागतो, पैसे घेतल्याची पावती द्यावी लागते, आणि समोर बघण्याची गरज आहे की नाही हे ठरवायचा अधिकार डॉक्टरांचा. शेड्यूल एक्सची औषधं, म्हणजे सरकारच्या कडक नियंत्रणाच्या यादीतली, आणि नार्कोटिक म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात येणाऱ्या गोळ्या त्यात मना आहेत. आमच्या शेजारच्या काकूंना झोपेची गोळी हवी होती, डॉक्टरांनी व्हिडिओवर दिली नाही म्हणून त्या अजून चिडून आहेत, "पैसे तर पूर्ण घेतले!" पण काकू, त्यांनी दिली असती तर मी त्या डॉक्टरपासून लांब राहा म्हटलं असतं. तर चिठ्ठी आली की आधी रजिस्ट्रेशन नंबर बघा.

चिठ्ठी येते पीडीएफमध्ये, आणि ती जाते कुठे हा आमच्या घरातला कायमचा प्रश्न. डाउनलोड झाली म्हणतो, पण कुठे? फाइल्स नावाचं एक ॲप असतं, त्यात डाउनलोड्स, तिथे सगळी असतात, पण नाव काय तर वीस आकड्यांचं. मी आता आली की लगेच मेडिकलवाल्याच्या व्हॉट्सॲपवर आणि मुलाच्या व्हॉट्सॲपवर ढकलते, तिथे तारखेवरून सापडते. आणि मेडिकलवरून एक प्रिंट काढून फाइलला लावते. हसायचं त्यांनी हसावं, लाइट आणि नेट दोन्ही गेल्यावर फाइलच कामाला येते. लॅबचे रिपोर्ट पाठवताना कागदाचा फोटो काढू नका, त्यात आपल्याच हाताची सावली पडते आणि आकडे दिसत नाहीत, लॅबवाल्याला सांगा पीडीएफ व्हॉट्सॲप कर, करतात ते.

घरचं बीपी मशीन नसेल तर ह्या सगळ्याला निम्मा अर्थ राहतो, कारण डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात "बीपी किती". मनगटाचं घेऊ नका, दंडावर पट्टा बांधायचं घ्या. आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, मांडी घालून नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर, बाहीवरून नाही, आणि मोजताना बोलायचं नाही. आमच्याकडे हे शेवटचंच अवघड. अर्धा तास आधी चहा नको. एकदा मोजलं की मिनिटभर थांबून परत मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे. चांगला आला तो लिहायचा आणि वाईट आला तो पुसायचा असं करू नका, आमच्या घरात एक जण करतात.

आता प्रायव्हेट सोडून दुसरी गोष्ट, ई-संजीवनी. सरकारचं आहे, फुकट आहे, आणि आपल्यात किती जणांना माहीतच नाही. मोहालीच्या सी-डॅक ह्या सरकारी कॉम्प्युटर संस्थेनं बनवलंय, पेशंटनं घरून थेट डॉक्टरशी बोलायची ओपीडी 13 एप्रिल 2020 ला सुरू झाली, आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत 10 कोटी पेशंट त्यावर बघून झाले होते. मोबाइल नंबर, ओटीपी, टोकन, रांग, मग डॉक्टर, आणि शेवटी चिठ्ठी. तुमचा नेहमीचाच डॉक्टर भेटेल असं नाही, हा फरक लक्षात ठेवायचा, त्यामुळे जुन्या चिठ्ठ्या आणि रिपोर्ट हाताशी घेऊन बसायचं. सरकारनं तेव्हा सांगितलेला एक आकडा माझ्या डोक्यात बसलाय, त्यावर निम्म्याहून जास्त म्हणजे 57 टक्के बायका, आणि ज्येष्ठ नागरिक साधारण 12 टक्के. डॉक्टरची सगळ्यात जास्त गरज कोणाला, आणि रांगेत दिसतात किती!

त्याची दुसरी तऱ्हा मला जास्त पटते. गावातल्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, आधी ज्याला हेल्थ अँड वेलनेस सेंटर म्हणायचे तिथे, जायचं, तिथली सिस्टर किंवा हेल्थ ऑफिसर बीपी-शुगर मोजते आणि आपल्या कॉम्प्युटरवरून लांबच्या डॉक्टरला जोडून देते. पेशंटला फोनला हातही लावावा लागत नाही. माझी चुलत नणंद देवासच्या पुढे खेड्यात राहते, तिचं असंच चालतं, ती खूश आहे, म्हणते मोजणारी बाई आपली ओळखीची आणि बोलणारा डॉक्टर मोठ्या दवाखान्यातला. शहरात आपण फोन घेऊन एकटे बसतो, तिथे शेजारी कोणीतरी जाणतं बसलेलं असतं, सगळा फरक एवढाच आहे.

आणि हा शेजारी बसण्याचा विषय निघालाच आहे तर मला त्यावर जास्त बोलायचंय, कारण ॲपपेक्षा हा मोठा प्रश्न आहे. आपली मुलं शिकवत नाहीत हो. करून देतात. दिवाळीला आली, "आई दे इकडे", फोन हातातून घेतला, टक टक टक, "झालं बघ." काय झालं? आम्ही काय बघितलं? अंगठा कुठून कुठे गेला ते दिसलंसुद्धा नाही. मग दुसऱ्या वेळी अडलं की फोन करायचा, आणि ते मीटिंगमध्ये. मी पस्तीस वर्षं फळ्यासमोर उभी होते, मला विचारा, गणित फळ्यावर मास्तरांनी सोडवलं की मुलाला आलं असं होत नाही, खडू मुलाच्या हातात द्यावा लागतो आणि मग स्वतःचे हात मागे बांधून उभं राहावं लागतं, आणि तेच सगळ्यात कठीण.

आम्हाला खरं शिकवलं ते कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याच्या मुलानं. बी.कॉम.ला आहे, दुपारी दुकान मोकळं असतं तेव्हा बसतो. मी गेले, म्हटलं बेटा एवढं कर. तो म्हणाला, "काकू, मी फोनला हात नाही लावणार, तुम्ही करा, मी सांगतो." आणि खरंच नाही लावला. मी चुकीचं दाबलं तरी गप्प, म्हणाला आता परत कसं यायचं ते बघा, त्या मागे जायच्या बाणानं. ही परत येण्याची गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती, की काहीही दाबलं तरी मागे येता येतं आणि पैसे भरायचं पान सोडलं तर आपल्या बोटानं फार काही मोडत नाही. भीती गेली की निम्मं आलं. मग त्यानं वहीत लिहून घ्यायला लावलं, माझ्याच अक्षरात, माझ्याच शब्दांत. "निळा चौकोन, पांढरा क्रॉस, तो दाबा. मग खाली उजवीकडे माणसाचं चित्र." असं. त्याच्या शब्दांत "प्रोफाइल आयकॉन" लिहिलं असतं तर चार दिवसांनी मलाच कळलं नसतं.

आणि एक चांगली युक्ती त्यानंच सांगितली, डॉक्टरच्या आधी घरच्या घरी सराव. सुनेला व्हॉट्सॲप व्हिडिओ कॉल लावायचा, ती डॉक्टर, आपण पेशंट. कॅमेरा फिरवून पाय दाखवा, गोळीचं पाकीट स्थिर धरा, आवाज वाढवा. सून पण हौशी निघाली, खोटा स्टेथोस्कोप घालून बसली होती. सासूबाईंनी तिला खऱ्या डॉक्टरला सांगायच्या सगळ्या तक्रारी सांगितल्या, आणि माझ्याबद्दलच्याही दोन.

सासूबाईंचं विशेष हे की त्यांना हे सगळं नवं आहे असं वाटतच नाही. कॉलच्या आधी वेणी घालतात, चांगलं लुगडं, डोक्यावर पदर, आणि डॉक्टरांना आधी "जेवलात का" विचारतात. ऐकू येत नाही तेव्हा डॉक्टर चॅटमध्ये प्रश्न टाइप करतात, मी तो पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवते, त्या उत्तर देतात. चष्मा आणि पाटी, एवढ्यावर चालतंय. पण त्यांच्यासाठी सांगते, एकट्या माणसाला 90 व्या वर्षी हे झेपणार नाही, कोणीतरी पाहिजेच, उगाच "आजी डिजिटल झाल्या" असले फोटो टाकून फसवू नका एकमेकांना.

पैशाची फसवणूक, हा मुद्दा गंभीर आहे. हॉस्पिटलचा नंबर गूगलवर शोधून लावू नका, तिथे वर खोटे नंबर लावून ठेवलेले असतात, तो माणूस गोड बोलतो आणि "अपॉइंटमेंटसाठी" एक लिंक किंवा फाइल पाठवतो, ती टाकून घेतली की फोनच त्याच्या हातात. नंबर हॉस्पिटलच्या जुन्या चिठ्ठीवर किंवा बिलावर छापलेला असतो, तोच लावा. डॉक्टरला किंवा हॉस्पिटलला फोनवर ओटीपी सांगायची कधीच गरज नसते, ओटीपी आपणच ॲपमध्ये टाकायचा असतो. आणि झालंच काही तर लाजत बसू नका, लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन, जितका लवकर तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. आपली माणसं मुलं ओरडतील म्हणून दोन दिवस सांगत नाहीत, तेच महागात जातं.

अजून एक घोळ. आभा आणि आयुष्मान, हे दोन वेगळे आहेत. आभा म्हणजे 14 आकडी नंबर, रिपोर्ट-चिठ्ठ्या एका जागी जोडायला, त्यानं पैसे मिळत नाहीत. आणि 70 आणि त्यावरच्यांना ऑक्टोबर 2024 पासून जे वय वंदना कार्ड मिळतं ते वर्षाला 5 लाखांपर्यंत भरती होण्याच्या खर्चासाठी. व्हिडिओच्या फीला ते चालत नाही, कृपया काउंटरवर जाऊन भांडू नका, आमच्या गल्लीतून दोघं जाऊन आलेत.

स्टार द्यायचे तर डॉक्टरांना साडेचार. अर्धा कापला कारण वेळ 11 ची आणि चेहरा दिसायला पावणेबारा, आणि मधे काही सांगत नाहीत की पुढे किती पेशंट आहेत. ॲपला दोन. मागणी फार नाही, जन्मसाल टाइप करता येऊ दे, वाट बघताना पडदा काळा होऊ देऊ नका, चूक झाली की कुठे झाली ते मोठ्या अक्षरात आणि पूर्ण हिंदीत लिहा, आणि एक बटण असं द्या की दाबलं की सरळ माणूस बोलेल. मेडिकलवाल्याच्या मुलाला पाचपैकी सहा, पण त्याला स्टार द्यायची सोय कुठल्याच ॲपमध्ये नाही, म्हणून त्याच्याकडूनच गोळ्या घेते, ऑनलाइन डिस्काउंट मिळतो तरी.

कोणाला ते वहीचं पान हवं असेल तर सांगा, फोटो टाकते. फक्त तो आमच्या ॲपचा आहे, तुमच्यात निळा चौकोन कदाचित हिरवा असेल, तर पान समोर ठेवून स्वतःच्या हातानं नवीन लिहा. आणि वेळ घेताना सकाळची पहिली घ्या, दुपारनंतर डॉक्टरांचं पण सगळं मागे पडलेलं असतं आणि आमच्याकडे तर ह्यांची झोपायची वेळ होते.